थर्मोस्टॅट अडकला की हेड गॅस्केट गेलं?

गोव्यातलं केरी सोडून चोर्ला घाट चढायला लागलं की जुन्या ओम्नीचा तापमानाचा काटा वर सरकतो, सीटखालून वाफ येते आणि गॅरेजवाला म्हणतो, "हेड गॅस्केट गेलंय, हेड (इंजिनाचा वरचा भाग) उतरवावं लागेल." कधी खरंच लागतं. आमच्या गाडीला लागलं नव्हतं, थर्मोस्टॅट अडकला होता. दोन्ही बिघाडांत काटा लालवर जातो आणि पाणी उकळून बाहेर येतं, म्हणून गल्लत होते. खर्चात मात्र जमीन-अस्मानाचा फरक. हेड खोलायला हो म्हणण्याआधी नीट तपासून घ्याच.

थर्मोस्टॅट म्हणजे पाण्याच्या वाटेवरचं छोटं दार. त्यात मेण असतं. साधारण ८२ अंशांना ते वितळून फुगतं, दार उघडतं आणि इंजिनातलं गरम पाणी रेडिएटरकडे जातं. दार बंदच राहिलं तर ते पाणी इंजिनातच तापत राहतं. हेड गॅस्केट म्हणजे ब्लॉक (सिलिंडर असतात तो इंजिनाचा भाग) आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं पातळ पॅकिंग. ते फुटलं की सिलिंडरमधला गॅस पाण्यात घुसतो, नाहीतर पाणी सिलिंडरमध्ये उतरतं.

काटा चढला की गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करा. रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका, दाबाखालचं पाणी शंभर अंशांच्या वर असतं आणि थेट तोंडावर उसळतं. पंख्यापासून हात लांब ठेवून रेडिएटर चाचपा. इंजिन भाजतंय आणि रेडिएटर नुसता कोमट, तर संशय थर्मोस्टॅटवर. (वॉटर पंप गेला तरी असंच लागतं, तोही बघून घ्या.) खात्री स्वयंपाकघरात होते. थर्मोस्टॅट काढून दोऱ्याला बांधा, तळाला टेकणार नाही असा पातेल्यातल्या पाण्यात सोडा आणि पाणी तापवा. उकळी फुटायच्या आधी तो उघडलेला दिसायला हवा. आमचा पाणी खळखळ उकळलं तरी मिटलेलाच होता.

गॅस्केटची परीक्षा सकाळी, इंजिन पूर्ण गार असताना. रेडिएटरचं झाकण काढा, पाणी काठोकाठ भरा, गाडी चालू करा. नुकतंच पाणी भरलं असेल तर अडकलेल्या हवेचे चार बुडबुडे येतात आणि थांबतात. न थांबता येत राहिले तर तो सिलिंडरचा गॅस. झाकण लावून गार इंजिन चालू केल्यावर रेडिएटरचा होज (रबरी नळी) मिनिटभरात दगडासारखा कडक झाला, तरी अर्थ तोच. खाली एक थेंब गळत नाही आणि पाणी मात्र कमी होतंय, हीही गॅस्केटचीच खूण. ओम्नीचे तीन स्पार्क प्लग (दर सिलिंडरला एक) काढून शेजारी ठेवा. दोन काळपट आणि एक धुऊन काढल्यासारखा स्वच्छ दिसला, तर पाणी त्या सिलिंडरमध्ये जातंय.

ऑइलच्या झाकणाखाली पांढरट साय दिसली म्हणून मात्र घाबरून जाऊ नका. आपल्याकडच्या पावसाळ्यात, त्यात बाजारापुरतीच गाडी फिरत असेल तर, दमटपणामुळे ती धरते. डिपस्टिकवरचं (ऑइल मोजायच्या पट्टीवरचं) ऑइलच दुधाळ असेल तर गोष्ट वेगळी.

"गोव्यात कुठली थंडी, थर्मोस्टॅट काढूनच टाका," हा सल्ला सर्रास मिळतो. मला तो मुळीच पटत नाही. इंजिन नीट तापत नाही, पेट्रोल जास्त जातं, झीज वाढते, आणि खरा बिघाड काही दिवस झाकला जातो.

एक बिघाड दुसऱ्याला जन्म देतो, हेही खरं. हेड ॲल्युमिनियमचं असतं. अडकलेल्या थर्मोस्टॅटवर गाडी तशीच दामटली की ते वाकतं आणि गॅस्केट जातं. म्हणून नवा थर्मोस्टॅट बसवला, विहिरीचं पाणी काढून कूलंट भरला, तरी दुसऱ्या सकाळी मी झाकण उघडून गाडी चालू केली आणि बराच वेळ आत बघत राहिलो. दोन-तीन बुडबुडे आले. मग पाणी निवांत झालं.