एसी हॉर्न, डीसी हॉर्न आणि ‘दोन्ही बाराच व्होल्टचे की!’

जुन्या स्कूटरला मोठ्या आवाजाचा हॉर्न बसवायचा विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच, ‘हाही बारा व्होल्टचा, तोही बारा व्होल्टचा. जुना काढ, नवा लाव.’ मग नवा हॉर्न घसा बसल्यासारखा खरखरतो आणि खापर हॉर्नवर फुटतं. हॉर्न बिचारा धडधाकट असतो. त्याला खायला भलतंच घातलेलं असतं: तो असतो डीसीचा, म्हणजे बॅटरीसारख्या एकाच दिशेच्या करंटचा, आणि स्कूटर देते एसी, म्हणजे सतत दिशा बदलणारा करंट.

डीसी हॉर्न सगळ्यांच्या ओळखीचा आहे, त्यामुळे त्याच्यावर फार शाई घालवत नाही. आत कॉइल, पोलादी पडदा आणि पॉइंट. करंट आला की पडदा ओढला जातो, त्या ओढीने पॉइंट उघडतो, करंट तुटतो, पडदा परत येतो, पॉइंट पुन्हा जुळतो. सेकंदाला तीन-चारशे वेळा हे होतं आणि भोंगा वाजतो. मागचा स्क्रू त्या पॉइंटचा. तो उगाच पिळू नका.

एसी हॉर्नमध्ये हा पॉइंटच नसतो. त्याची गरजही नसते, कारण मॅग्नेटोतून, म्हणजे इंजिनबरोबर फिरून वीज तयार करणाऱ्या यंत्रातून, येणारा करंट स्वतःच दिशा बदलत असतो आणि पडदा त्याच्या तालावर थरथरतो. म्हणून बॅटरी नसलेल्या स्कूटरचा हॉर्न रेसबरोबर सूर बदलतो. मॅग्नेटोचं फिरणारं चुंबकी चाक (फ्लायव्हील) सहा ध्रुवांचं असेल तर मिनिटाला 1000 फेऱ्यांना 50 हर्ट्झ मिळतात, 4800 फेऱ्यांना 240. सिग्नलला उभं असताना येणारी ती केविलवाणी गुरगुर याच्यामुळेच. इंजिन बंद असेल तर तीही नाही.

हातात असलेला हॉर्न कोणता ते ओळखायला त्याच व्होल्टेजच्या बॅटरीला क्षणभर टेकवा. डीसी असेल तर कानठळ्या बसतील. एसी असेल तर एकदाच ‘टक्’ होईल आणि गप्प. तसाच धरून ठेवलात तर कॉइल तापेल. वजन, रंग, आकार यांवरून ओळखणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडून दिलं आहे.

इथपर्यंत बहुतेकांना पटतं. घोटाळा होतो तो पुढे. ‘ठीक आहे, डीसी हॉर्नला डीसी देऊ’ म्हणून लोक बॅटरी आणतात, तिचा प्लस जुन्या हॉर्नच्या वायरीला जोडतात आणि समजतात की काम झालं.

ती वायर जाते कुठे, हे बघा. बहुतेक जुन्या वायरिंगमध्ये लायटिंग कॉइलचं, म्हणजे मॅग्नेटोच्या स्थिर भागातल्या (स्टेटरमधल्या) दिव्यांना वीज देणाऱ्या कॉइलचं, एक टोक इंजिनच्या बॉडीला अर्थ असतं आणि दुसरं टोक दिवे, हॉर्न यांच्याकडे निघतं. त्या कॉइलचा रोध जेमतेम एखादा ओहम, बऱ्याचदा त्याहून कमी. बॅटरीचा मायनस तुम्ही चेसिसला दिलेला आणि प्लस या वायरीला, म्हणजे बॅटरी थेट स्टेटरच्या कॉइलमधून अर्थ झाली. फ्यूज असेल तर तो उडतो. नसेल तर वायरीचं आवरण वितळल्याचा वास येतो. मॅग्नेटोचे बारा आणि बॅटरीचे बारा मल्टिमीटरवर सारखे दिसत असले, तरी त्यांचे रस्ते एकमेकांना भेटता कामा नयेत. चेसिसची अर्थ सामाईक चालते, बाकी काहीही नाही. जुन्या हॉर्नच्या वायरींची टोकं वेगळी करून इन्सुलेट करा.

आता बटण. ‘बटण म्हणजे बटण’ हे त्याच चुकीचं दुसरं पिल्लू. काही जुन्या मॉडेलांत हॉर्नचं बटण एरवी जोडलेलं असतं आणि दाबल्यावर तुटतं. हा वेडेपणा नाही. मॅग्नेटोचा करंट सतत वाहता ठेवायचा, एरवी त्याला बटणातून सरळ अर्थला वाट द्यायची आणि दाबल्यावर ती वाट बंद करून त्याला हॉर्नमधून जायला लावायचं, असा तो हिशेब. असं बटण बॅटरीच्या सर्किटला जोडलंत की हॉर्न अखंड वाजतो आणि दाबल्यावर थांबतो. मग पाच पिनांचा रिले, म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, उलटा जोडून जुगाड करतात. त्यात रिलेची कॉइल सदैव चालू राहून 0.15 अँपिअरच्या आसपास खाते, म्हणजे 7 अँपिअर-तासांची बॅटरी दोन दिवसांत बसते. बटण बदला. मल्टिमीटरने आधी तपासलंत तर हा शोध हॉर्न कोकलल्यावर लागणार नाही.

जोडणी स्वतः सोपी आहे. बॅटरीच्या प्लसला लागूनच 10 अँपिअरचा फ्यूज, हॉर्नजवळ नव्हे. फ्यूजपासून रिलेच्या 30 ला आणि 86 ला (हे आकडे रिलेच्या पिनांचे). 87 वरून हॉर्न, हॉर्नचं दुसरं टोक चेसिसला, तेही रंग खरवडलेल्या जागी. 85 वरून बटण, बटणाचं दुसरं टोक अर्थला. बटणावरच्या जुन्या एसी वायरी सोडवलेल्या हव्यात. एकीतून जरी मॅग्नेटोचा करंट आला तरी रिले कडकड करत बसतो, कारण साधा रिलेही डीसीचाच प्राणी. बॅटरीपासून रिलेमार्गे हॉर्नपर्यंतची जाड लाइन 1.5 चौरस मिलिमीटरची ठेवा.

‘एवढं कशाला, हॉर्नच्या आधी रेक्टिफायर टाकू’, म्हणजे डायोड लावून (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) मॅग्नेटोच्या एसीचाच डीसी करू, हा सल्ला वारंवार फिरतो, आणि मला तो अजिबात आवडत नाही. रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना मॅग्नेटोत दमच नसतो, डायोडने तो येणार कुठून? त्यात चार डायोडचा ब्रिज टाकला आणि कॉइलचं एक टोक व ब्रिजचा मायनस दोन्ही चेसिसवर असले, तर अर्धी लाट एका डायोडमधून शॉर्ट होते. ब्रिज हवा असेल तर कॉइलचं टोक अर्थवरून सोडवावं लागतं, म्हणजे स्टेटर उघडणं आलं.

चार्जिंगचं काय? व्हेस्पा पीएक्सच्या बॅटरीवाल्या वायरिंगमध्ये पाच टोकांचा रेग्युलेटर (मॅग्नेटोचं व्होल्टेज आवरणारा डबा) बॅटरीही भरतो. बिनबॅटरीवाल्यातला तीन टोकांचा फक्त एसी आवरतो, त्यातून बॅटरी भरण्याची आशा धरू नका. माझं स्पष्ट मत, फक्त हॉर्नसाठी चार्जिंगच्या फंदात पडूच नये. 4 अँपिअरचा हॉर्न दिवसात शंभर वेळा एकेक सेकंद वाजवला तरी जेमतेम 0.11 अँपिअर-तास जातो. 7 अँपिअर-तासांची सीलबंद बॅटरी डिकीत बांधा आणि महिन्यातून एकदा बाहेरून चार्जर लावा. कॉम्प्रेसरवाला एअर हॉर्न मात्र या हिशेबात बसत नाही.

एक शेवटचं, वायरिंगशी संबंध नसलेलं. डिस्क हॉर्न त्याच्याबरोबर आलेल्या पातळ, लवचिक पट्टीवरच लटकवा. पट्टी टाकून पत्र्याला घट्ट आवळला किंवा त्याची कड पुढच्या कव्हरला टेकली, तर आवाज दबतो, आणि लोक पुन्हा मागचा स्क्रू पिळायला घेतात.