पायवाटबंदी, ब्रिटन (२००१)

लाळ्या-खुरकूत रोगाच्या साथीत ब्रिटनमधील शेतशिवारांतून जाणाऱ्या पायवाटा फिरायला येणाऱ्यांसाठी बंद करण्याची कारवाई. २७ फेब्रुवारी २००१ रोजी स्थानिक प्रशासनांना तसे सरसकट अधिकार मिळाले आणि थोड्याच दिवसांत, जिथे रोगाचा मागमूसही नव्हता अशा जिल्ह्यांतसुद्धा, फाटकाफाटकांवर मनाईचे फलक लागले.

इंग्लंडमध्ये खासगी शेतांतून आणि कुरणांतून जाणाऱ्या ठरावीक वाटांवर चालण्याचा लोकांना कायदेशीर हक्क आहे. अशा वाटांची लांबी एकट्या इंग्लंडमध्ये सुमारे १,९०,००० किमी. भरते. चरणाऱ्या मेंढ्यांमधून जायचे, फाटक उघडायचे आणि आठवणीने पुन्हा लावून घ्यायचे, ही तिथल्या सुट्टीच्या दिवसाची रीतच. त्यामुळे साथ आली की शेतकऱ्याची नजर पहिल्यांदा जाते ती परक्या माणसाच्या बुटांकडे.

ही भीती अगदीच निराधार नव्हती. लाळ्या-खुरकूत विषाणूजन्य असून दुभंगलेल्या खुरांच्या जनावरांना होतो. तोंडात आणि खुरांच्या बेचक्यात फोड येतात, लाळ गळते, जनावर लंगडते. भारतात तो कायम ठाण मांडून आहे आणि त्यावरचा सरकारी भर लसीकरणावर असतो. ब्रिटनचे धोरण मात्र बाधित कळप मारून रोग निपटून काढण्याचे होते. शेण, चिखल, चाके, कपडे, बूट या सगळ्यांवरून हा विषाणू वाहून नेला जाऊ शकतो. आम्ल किंवा अल्कली त्याला सोसत नाही. म्हणून शेतांच्या तोंडाशी जंतुनाशकात भिजवलेला पेंढा किंवा जुन्या गालिच्यांचे तुकडे अंथरलेले असत. बुटाला चिखलाचा थर असला, तर जंतुनाशक त्याच्या आत पोचत नाही. आधी ब्रश मारून चिखल काढायचा, मगच बूट बुडवायचा. घाईत असलेला माणूस नेमके हेच टाळतो.

प्रत्यक्षात रोग पसरला तो वेगळ्याच मार्गाने. इंग्लंडच्या ईशान्येला हेडन-ऑन-द-वॉल येथील एका डुक्करपालन केंद्रावर जनावरांना नीट न शिजवलेले खरकटे घातले जात होते; साथीचा उगम तिथला मानला जातो. डुकरांच्या उच्छ्वासातून हा विषाणू प्रचंड प्रमाणात बाहेर पडतो. जवळच्या मेंढ्यांना लागण झाली आणि त्या फेब्रुवारीच्या मध्यास हेक्सम व लाँगटाउन येथील बाजारांत विकल्या गेल्या. मेंढीत लक्षणे इतकी सौम्य असतात की कोणाला संशयही आला नाही. २० फेब्रुवारीला एसेक्समधील कत्तलखान्यात पहिला रुग्ण पक्का झाला, तोवर किमान ५७ ठिकाणी रोग पोचलेला होता. जनावरांची ने-आण थांबवायला आणखी तीन दिवस गेले. थोडक्यात, फिरायला येणारे अडवले गेले तेव्हा मेंढ्यांचे ट्रक आपले काम करून चुकले होते. पुढचा प्रसारही मुख्यतः एका शेतावरून शेजारच्या शेतावर होत राहिला, आणि त्यात मजूर व वाहने यांच्या ये-जेचा वाटा मोठा होता.

बंदीच्या बाजूने एक वजनदार मुद्दा मात्र होता: लेक डिस्ट्रिक्टचे डोंगर. तिथे माथ्यांवर मोठ्या पट्ट्यांत कुंपणच नाही. हर्डविक जातीची मेंढी आपल्या चरण्याची हद्द आईमागे फिरून शिकते आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहते. असा कळप एकदा मारला गेला की बाजारातून मेंढ्या आणून ती जागा भरत नाही. ज्या कंब्रिया परगण्यात हे डोंगर आहेत, त्यालाच साथीचा सर्वांत मोठा तडाखा बसला. तिथल्या शेतकऱ्याला कोणी आततायी म्हणू नये.

साथ सप्टेंबर २००१ अखेर संपली. ग्रेट ब्रिटनमध्ये २,०२६ ठिकाणी रोग आढळला आणि साठ लाखांहून अधिक जनावरे मारली गेली. चेल्टनमच्या घोडाशर्यती रद्द झाल्या. सार्वत्रिक निवडणूकही ३ मेऐवजी ७ जूनला घ्यावी लागली. शेती व अन्नव्यवसायाचे नुकसान सुमारे ३.१ अब्ज पौंड आणि पर्यटनाचेही जवळपास तेवढेच धरले जाते. फरक भरपाईत होता. शेतीच्या नुकसानीचा मोठा भाग सरकारने भरून दिला; खेड्यातली खानावळ, छोटे अतिथिगृह, चालण्याचे बूट विकणारा दुकानदार यांच्या पदरात त्या मानाने फारच थोडे पडले. मार्च महिन्यात वाटा बंद आणि दूरचित्रवाणीवर जळत्या जनावरांचे ढीग, अशा स्थितीत “गावाकडे या” म्हणणाऱ्या सरकारी जाहिरातीला कोण भुलणार?

२००२ साली आलेल्या अँडरसन चौकशी अहवालाने सरसकट बंदीवर टीका केली. जनावरांना हात न लावता, त्यांच्यापासून अंतर राखून चालणाऱ्यामुळे असणारा धोका अत्यल्प असतो, हे मत रुजले. २००७ मध्ये सरी परगण्यात पर्ब्राइटच्या संशोधन संकुलातून विषाणू निसटून रोग पुन्हा उद्भवला, तेव्हा बंदी बाधित शेताभोवतीच्या ३ किमी. पट्ट्यापुरती राहिली.

लाळ्या-खुरकुताचा हा हिशेब प्रत्येक रोगाला लावता येत नाही. आफ्रिकन डुक्करज्वरात रानडुक्कर हाच वाहक असतो आणि फिरणाऱ्या माणसांच्या चाहुलीने बुजलेला कळप रोग घेऊन दूर जातो. शिवाय सहलीत अर्धवट खाऊन टाकलेला डुकराच्या मांसाचा तुकडाही विषाणू पोचवू शकतो. स्वीडनमध्ये रानावनांत मोकळेपणी फिरण्याचा हक्क लोक जिवापाड जपतात. पण सप्टेंबर २०२३ मध्ये फागेर्स्टा भागात हा रोग सापडताच सुमारे १,००० चौ. किमी. जंगल बेरी आणि अळंबी वेचणाऱ्यांनाही बंद केले गेले. पुढच्या वर्षी तो देश पुन्हा रोगमुक्त ठरला.

रोजच्या भटकंतीतला खरा धोका बहुधा बुटांपेक्षा कुत्र्याच्या विष्ठेत असतो. निओस्पोरा हा परजीवी काही कुत्र्यांच्या विष्ठेतून कुरणात उतरतो आणि गाईचा गर्भपात घडवतो; म्हणून ब्रिटिश शेतकरी फाटकावर कुत्र्याची घाण उचलून नेण्याची पाटी लावतात.