हाडाच्या छिन्नीपासून विजेच्या सुईपर्यंत : माओरी ‘ता मोको’ची पार्श्वभूमी

न्यूझीलंडमधील माओरी कलाकार आज बहुतेक वेळा विजेच्या यंत्राने गोंदतात, हातमोजे घालतात, निर्जंतुक केलेल्या सुया वापरतात आणि तरीही आपल्या कामाला ‘ता मोको’ (मोको म्हणजे माओरींची अंगावर कोरलेली नक्षी) हे जुनेच नाव देतात. जुनी आदिवासी नक्षी आधुनिक व्यवसायात आणून बसवली आहे, असे बाहेरून पाहणाऱ्याला वाटते. इतिहास तपासला तर ही समजूत टिकत नाही. या कलेची हत्यारे गेल्या दोन शतकांत अनेकदा बदलली. तिला खरी इजा झाली ती नक्षी आणि ती धारण करणारा माणूस यांचे नाते बाजाराने तोडले तेव्हा, आणि आजच्या कलाकारांची मेहनतही मुख्यतः ते नाते पुन्हा जोडण्यासाठी आहे.

महाराष्ट्रातील जुन्या पिढीच्या कपाळावर आणि हातांवर दिसणारे गोंदण सुईने टोचून रंग भरलेले असते आणि त्वचा सपाटच राहते. मूळ मोको मात्र कोरला जात असे. अल्बाट्रॉस पक्ष्याच्या हाडापासून केलेली ‘उही’ नावाची लहान छिन्नी त्वचेवर ठेवून तिच्यावर हलके ठोके दिले जात. सपाट धारेच्या उहीने चर पडत आणि दातेरी उहीने त्यांत काजळी भरली जाई. ही काजळी कौरी वृक्षाच्या डिंकासारखे पदार्थ जाळून धरत. चेहरा सुजला की त्या माणसाला कोरीव लाकडी नरसाळ्यातून पातळ अन्न देत. हे सारे चालू असताना तो ‘तापू’ म्हणजे जणू सोवळ्यात असे, आणि काम करणारा ‘तोहुंगा’ केवळ कारागीर न राहता विधीचा अधिकारी असे.

माओरी परंपरेत या कलेचा उगम माताओराच्या कथेत सांगितला जातो. पत्नी निवारेका हिला त्याने मारल्यावर ती रारोहेंगा या पाताळलोकी आपल्या माहेरी निघून गेली. तिच्या शोधात तिथे पोहोचलेल्या माताओराच्या चेहऱ्यावरची रंगवलेली नक्षी तिचा बाप उएतोंगा याने हाताने पुसून दाखवली आणि मग खरी, न पुसली जाणारी नक्षी कोरून त्याला ती विद्या शिकवली. मोको ही वरून लावलेली सजावट नव्हे, ही धारणा या कथेतच आहे. चेहऱ्यावरच्या रेषांमधून वंश, दर्जा आणि कर्तृत्व कळत असे. एकोणिसाव्या शतकातील अनेक जमीनखतांवर माओरी प्रमुखांनी सही म्हणून आपल्या मोकोचा भाग रेखाटला आहे. आरशाशिवाय स्वतःच्या चेहऱ्याची नक्षी कागदावर उतरवण्याइतकी ती त्यांना पाठ होती.

१७६९ मध्ये ब्रिटिश दर्यावर्दी जेम्स कुकचे जहाज आले आणि त्यावरील चित्रकार सिडनी पार्किन्सन याने मोको असलेल्या माणसांची चित्रे काढली. १७७० मध्ये त्याच जहाजावरील निसर्गशास्त्रज्ञ जोसेफ बँक्स याने माओरींनी जतन केलेले एक शिर मिळवले. माओरी समाज आपल्या प्रिय आणि मान्यवर मृतांची शिरे धूर देऊन जपत असे. युरोपीय संग्राहकांनी त्यांना किंमत दिली आणि बदल्यात बंदुका देऊ केल्या. बंदुकांच्या स्पर्धेत अडकलेल्या टोळ्यांमध्ये याचा परिणाम भयंकर झाला. केवळ विक्रीसाठी कैद्यांच्या आणि गुलामांच्या चेहऱ्यांवर मोको कोरले गेल्याच्या नोंदी आहेत. वंश सांगणारी नक्षी अशा रीतीने ज्याचा तिच्याशी काहीच संबंध नाही त्याच्या चेहऱ्यावर, विकत घेणाऱ्याच्या आवडीसाठी उमटली. मोकोच्या इतिहासातील सर्वांत मोठा आघात मला हाच वाटतो. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स या ब्रिटिश वसाहतीचे गव्हर्नर राल्फ डार्लिंग यांनी १८३१ मध्ये या व्यापाराला बंदी घातली, पण तोवर अनेक शिरे युरोपात आणि पुढे अमेरिकेतही गेली होती. होरेशियो रॉब्ली या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने जमवलेली ३५ शिरे १९०७ मध्ये न्यूयॉर्कच्या संग्रहालयाकडे गेली आणि २०१४ मध्ये मायदेशी परतली.

मिशनऱ्यांचा विरोध आणि वसाहतीची राजवट यांमुळे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुरुषांच्या चेहऱ्यावरील मोको मागे पडत गेला. १९०७ च्या तोहुंगा दडपशाही कायद्याचा रोख प्रामुख्याने पारंपरिक उपचारकांवर असला, तरी पारंपरिक ज्ञानाचा अधिकारच त्याने संशयास्पद ठरवला. तो १९६२ मध्ये रद्द झाला. या काळात परंपरा टिकवली ती स्त्रियांनी. ओठ आणि हनुवटीवरचा ‘मोको कौआए’ विसाव्या शतकातही काढला जात होता, आणि तो काढणाऱ्यांनी उही बाजूला ठेवून सुया हाती घेतल्या होत्या. सुईने चर पडत नाही, त्वचा सपाट राहते. तरी त्या आजींच्या मोकोला खोटा म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. १९७०च्या सुमारास छायाचित्रकार मार्टी फ्रीडलँडर आणि इतिहासकार मायकेल किंग यांनी अशा वृद्ध स्त्रियांची नोंद केली, तेव्हा हा शेवटचा दुवा असावा असेच वाटत होते.

तसे झाले नाही. माओरींच्या जमिनींसाठी निघालेला १९७५ चा भूमीमोर्चा, १९८२ पासूनच्या माओरी बालवाड्या आणि १९८७ चा माओरी भाषा कायदा यांच्या बरोबरीने मोकोही परतला. सामोआत हाताने गोंदण्याची परंपरा अखंड राहिली होती आणि तिथल्या कलाकारांच्या सहवासाचा उपयोग माओरी कलाकारांना झाला. या पिढीतील डेरेक लार्डेली यांचे उदाहरण बोलके आहे. गिस्बर्नच्या तोइहोउकुरा या माओरी दृश्यकला विद्यालयात त्यांनी शिकवले, आणि २००५ मध्ये न्यूझीलंडच्या रग्बी संघाने सादर केलेला ‘कापा ओ पांगो’ हा हाका, म्हणजे जोशपूर्ण समूहगान-नृत्य, हाही त्यांनीच रचला. मोको काढणारा माणूस वंशावळ, काव्य आणि वक्तृत्व जाणणारा असावा ही जुनी अपेक्षा अशा कलाकारांत पुन्हा दिसते. २००० च्या सुमारास स्थापन झालेल्या ‘ते उही अ माताओरा’ या कलाकारांच्या संघटनेने या व्यवसायाला सामूहिक आवाज दिला.

बिगर-माओरी ग्राहक नक्षी मागू लागले तेव्हा ‘किरीतुही’ हा वेगळा प्रकार पुढे आला. त्याची शैली माओरी असते, पण त्यात कोणाची वंशावळ नसते. ही सीमा सर्वत्र पाळली जात नाही. बॉक्सर माइक टायसनच्या चेहऱ्यावर २००३ मध्ये काढलेल्या टॅटूवर २०११ मध्ये त्याच्या अमेरिकन कलाकाराने, तशीच नक्षी चित्रपटात वापरल्याबद्दल, हॉलिवूडच्या एका कंपनीविरुद्ध स्वामित्वहक्काचा दावा लावला, तेव्हा माओरी अभ्यासक न्गाहुइया ते आवेकोतुकु यांनी मूळ नक्षीच माओरींकडून उचलल्याचे सांगत त्या दाव्यावर आक्षेप घेतला. स्वामित्वहक्काचा कायदा व्यक्तीची निर्मिती ओळखतो, घराण्याची किंवा टोळीची नाही. त्याच वर्षी, सरकारविरुद्धचे माओरींचे दावे ऐकणाऱ्या न्यूझीलंडच्या वाइतांगी न्यायाधिकरणाने १९९१ पासून चाललेल्या ‘वाई २६२’ या दाव्यावर अहवाल देऊन पारंपरिक ज्ञान आणि कलाकृतींच्या रक्षणासाठी वेगळ्या व्यवस्थेची शिफारस केली.

सार्वजनिक जीवनात मात्र मोको ठळकपणे दिसू लागला आहे. मोको कौआए धारण केलेल्या नानाइया माहुता २०२० मध्ये परराष्ट्रमंत्री झाल्या, आणि २०२१ च्या अखेरीस ओरिनी कायपारा यांनी मोको कौआएसह मुख्य प्रवाहातील वाहिनीवर संध्याकाळच्या मुख्य बातम्या दिल्या.