मुदतपूर्व निवृत्ती आणि आरोग्य विमा: नोकरी सोडण्यापूर्वी मिळवायची कागदपत्रे

वाळूजच्या एका कारखान्यातून स्वेच्छानिवृत्ती घेतलेले बावन्न वर्षांचे एक गृहस्थ कागद दाखवायला माझ्याकडे आले होते. त्यांच्या पिशवीत अकरा वर्षांची अकरा हेल्थ कार्डे रबर लावून नीट ठेवलेली होती, पण ज्या एका कागदाच्या आधारावर त्यांचा अर्ज टिकला असता तो मात्र नव्हता. कंपनीच्या समूह विम्यात अकरा वर्षे काढूनही नव्या पॉलिसीत मधुमेहासाठी त्यांना पुन्हा ३ वर्षे थांबावे लागणार होते. कार्ड हे रुग्णालयाच्या खिडकीवर दाखवण्यापुरते असते, विमा सलग चालू होता याचा तो पुरावा नव्हे, हे त्यांना नोकरीत असताना कोणीही सांगितले नव्हते.

समूह विमा बहुधा नोकरीच्या शेवटच्या दिवशी संपतो. पॉलिसीवर ३१ मार्च छापलेले असले आणि तुम्ही ३१ ऑगस्टला बाहेर पडलात, तरी तुमच्यासाठी तो विमा साधारणपणे ३१ ऑगस्टलाच संपलेला असतो. त्यामुळे छापील तारखेवर विसंबून सात महिने निश्चिंत राहू नये आणि शेवटच्या दिवसाच्या किमान दीड महिना आधी अर्जाला लागावे. समूह विम्यातील सदस्याला त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक किंवा कौटुंबिक पॉलिसीत जाण्याची सोय आहे आणि तिला मायग्रेशन म्हणतात. थेट दुसऱ्या कंपनीत जाण्यापेक्षा आधी त्याच कंपनीत मायग्रेशन आणि पुढच्या नूतनीकरणाला पोर्टेबिलिटी, म्हणजे चालू विमा दुसऱ्या कंपनीत नेणे, हाच मार्ग सुरक्षित आहे. अर्ज मंजूर करण्यापूर्वी विमा कंपनी प्रकृतीची तपासणी करू शकते, म्हणून होकार लेखी हाती येईपर्यंत अर्ज दिला म्हणजे विमा मिळाला असे समजू नये.

आता त्या कागदाविषयी. मनुष्यबळ विभागाकडून किंवा विमा कंपनीकडून असे प्रमाणपत्र घ्यावे की ज्यात कुटुंबातील प्रत्येक सदस्याचे नाव, जन्मतारीख, विम्यात समाविष्ट झाल्याची तारीख, दरवर्षीचा पॉलिसी क्रमांक, दरवर्षीची विमा रक्कम आणि झालेले दावे लिहिलेले असतील. मधल्या काळात कारखान्याने विमा कंपनी बदललेली असेल, तर आधीच्या कंपनीचाही तपशील लागतो आणि नेमका तोच कोणाकडे नसतो. नोकरीत असेपर्यंत हा कागद एका ई-मेलवर मिळतो, पण हिशेब पूर्ण होऊन गेटपास जमा केल्यावर त्याच कागदासाठी चार चकरा माराव्या लागतात आणि ज्या साहेबांना तुम्ही ओळखत होता त्यांची बदली झालेली असते. जुन्या विम्यात काढलेल्या वर्षांचे श्रेय जुन्या विमा रकमेपुरतेच मिळते, हेही ध्यानात ठेवावे. समूह विमा ३ लाखांचा होता आणि नवी पॉलिसी १० लाखांची घेतली, तर वरच्या ७ लाखांसाठी प्रतीक्षाकाळ, म्हणजे आधीच्या आजाराचा दावा मिळेपर्यंत थांबायचा काळ, नव्याने मोजला जातो.

जन्मतारखेचा घोळ हा आपल्याकडचा जुना दुखरा विषय आहे. गुरुजींनी शाळेत नाव घालताना १ जून लिहिले, आधारवर १ जानेवारी आले आणि कारखान्याच्या नोंदीत तिसरीच तारीख आहे, अशी माणसे मराठवाड्यात घरोघरी सापडतील. आधारवर गंगाधरराव आणि पॉलिसीत नुसते गंगाधर, एवढ्या फरकावरही दावा अडकतो. विमा अर्जाआधी आधार, पॅन आणि कारखान्याची नोंद एकसारखी करून घ्यावी. बाकी कागद नेहमीचेच आहेत: छायाचित्र, पत्त्याचा पुरावा, बँक पासबुक आणि सांगितल्यास तपासणी अहवाल.

अर्जातील आजारांचा रकाना स्वतः भरावा. एजंट घाईत सगळीकडे ‘नाही’ लिहितो आणि अर्जदारालाही वाटते की गोळीने बीपी ताब्यात आहे म्हणजे बीपी नाही. गोळी चालू आहे म्हणजे आजार आहे, आणि तो लिहिलाच पाहिजे. विमा नियामकाच्या २०२४ च्या नियमांनुसार आधीपासूनच्या आजारासाठी जास्तीत जास्त ३६ महिने थांबावे लागते आणि सलग ६० महिने विमा चालू राहिल्यानंतर, सिद्ध झालेली फसवणूक वगळता, माहिती लपवल्याचे कारण देऊन दावा नाकारता येत नाही. मात्र त्या ६० महिन्यांच्या आत लपवलेली साखर पहिल्याच दाव्यात रक्ताच्या अहवालातून बाहेर येते. पॉलिसी हाती आल्यावर ती वाचून नको असल्यास परत करण्यासाठी ३० दिवस मिळतात. ते दिवस पॉलिसी कपाटात ठेवण्यासाठी दिलेले नाहीत.

पोर्टेबिलिटीची मुदत तर हमखास उलटी वाचली जाते. नूतनीकरणाच्या तारखेआधी किमान ४५ दिवस, पण ६० दिवसांपेक्षा आधी नाही, अशी ती अट बहुतेक पॉलिसींत असते. नूतनीकरण १ एप्रिलला असेल तर अर्जाचे दिवस साधारण ३१ जानेवारी ते १५ फेब्रुवारी एवढेच येतात, आणि लोक येतात मार्चअखेर.

ईएसआयमध्ये, म्हणजे कामगार राज्य विमा योजनेत, असलेल्या कामगारांसाठी एक तरतूद आहे आणि ती फार थोड्यांना माहीत असते. किमान ५ वर्षे विमाधारक राहून जो निवृत्त होतो, स्वेच्छानिवृत्ती घेतो किंवा मुदतपूर्व निवृत्त होतो, त्याला वर्षाला १२० रुपये भरून स्वतःसाठी व पती किंवा पत्नीसाठी वैद्यकीय सेवा पुढे चालू ठेवता येते. मुलांचा त्यात समावेश नाही. इथे गाडी अडते ती शब्दावर. कारखाना छापील नमुन्यावर ‘राजीनामा’ लिहून सही घेतो, कामगार घाईत सही करतो आणि पुढे ईएसआय कार्यालयात विचारले जाते की स्वेच्छानिवृत्तीचे पत्र कुठे आहे. १२० रुपयांच्या सोयीसाठी अर्जदाराने महिनाभर हेलपाटे मारावेत, असा हा कारभार आहे. म्हणून सही करण्यापूर्वी पत्रात ‘स्वेच्छानिवृत्ती’ हा शब्द आणि सेवेचा कालावधी आहे की नाही हे पाहावे.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे ५ लाखांपर्यंतचे संरक्षण आता शिधापत्रिकेचा रंग न पाहता राज्यातील कुटुंबांना खुले आहे. पांढऱ्या कार्डावर धान्य मिळत नाही म्हणून ते अनेक घरांत विसरलेले असते. ते शोधून त्यावरील नावे आधारशी जुळतात का हे तपासावे. मात्र योजनेत ठरलेले उपचार ठरलेल्या रुग्णालयांतच मिळतात, त्यामुळे तिला दुसरा आधार समजावे, विम्याचा पर्याय नव्हे. वयाच्या ७० नंतर केंद्र सरकारच्या मोफत उपचारांचे आयुष्मान वय वंदना कार्ड उत्पन्नाची अट न लावता मिळते. ६० नंतरच्या ग्राहकांचा हप्ता नियामकाशी आधी सल्लामसलत केल्याशिवाय वर्षाला १० टक्क्यांहून अधिक वाढवू नये, असा २०२५ चा आदेश आहे. बावन्नाव्या वर्षी निवृत्त होणाऱ्याला यातले वय वंदना कार्ड १८ वर्षांनी आणि हप्तावाढीच्या मर्यादेचे संरक्षण ८ वर्षांनी मिळणार, तोपर्यंतची तजवीज त्याची त्यालाच करायची आहे.

ती तजवीज आकड्यांत मांडावी. पती-पत्नीचा हप्ता आज ३०,००० रुपये आहे आणि तो दरवर्षी १० टक्क्यांनी वाढतो असे धरले, तर आठ वर्षांनी तो ६४,००० च्या पुढे जातो आणि त्या आठ वर्षांत मिळून सुमारे ३ लाख ४३ हजार रुपये भरावे लागतात. वाढ दरवर्षी समान नसते, वयाचा टप्पा ओलांडताना एकदम उडी येते. निवृत्तीच्या रकमेतून एवढे पैसे बाजूला काढून नूतनीकरणाच्या महिनाभर आधी पिकतील अशा मुदत ठेवींत ठेवावेत, नाहीतर ते मुलीच्या लग्नात किंवा बोअरवेलमध्ये जातात. वैयक्तिक आरोग्य विम्यावरील १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला आहे, म्हणून एजंटने जुना तक्ता दाखवला तर तो नाकारावा. आरोग्य विम्याच्या हप्त्यावरील प्राप्तिकराची वजावट (१९६१ च्या कायद्यातील कलम ८० ड) फक्त जुन्या करप्रणालीत मिळते, आणि रोखीने भरलेल्या हप्त्यावर मिळत नाही.

स्वस्त हप्त्याचे कारणही विचारावे. काही कंपन्या शहरांचे गट पाडतात आणि परभणी किंवा हिंगोलीच्या पत्त्यावर हप्ता कमी लावतात, पण पुण्या-मुंबईत उपचार घेतल्यास बिलाचा काही भाग रुग्णाकडून घेतात. आपल्याकडचा गंभीर रुग्ण पुण्याला, सोलापूरला किंवा नांदेडहून हैदराबादला जातो, हे अर्ज भरतानाच ठाऊक असते. त्यामुळे को-पे, म्हणजे बिलातील रुग्णाचा वाटा, आणि खोलीभाड्याची मर्यादा या दोन ओळी आधी वाचाव्यात. विमा कंपनीने दावा नाकारला तर आधी तिच्याच तक्रार निवारण कक्षाकडे लेखी जावे. महिनाभरात उत्तर न आल्यास किंवा ते न पटल्यास पुण्याच्या विमा लोकपालांकडे अर्ज करता येतो. त्याला शुल्क नाही, वकीलही लागत नाही, पण विमा कंपनीच्या नकारानंतर एक वर्षाच्या आत तो केला पाहिजे आणि नकार लेखी असला पाहिजे, फोनवर ऐकलेला चालत नाही.