थॉमस मर्टन भारतात आला त्याच्या आधीची तीस वर्षं

थॉमस मर्टन म्हणजे अमेरिकेतला कॅथलिक संन्यासी आणि लेखक. मर्टन म्हटलं की लोक थेट १९६८ च्या भारतभेटीवर उडी मारतात, दलाई लामांसोबतचा तो फोटो वगैरे. पण आशियाचं हे वेड म्हातारपणी लागलेलं नव्हतं. गांधीजी १९३१ ला गोलमेज परिषदेसाठी लंडनला आले तेव्हा मर्टन इंग्लंडात ओकमच्या बोर्डिंग शाळेत होता, वय १६, आणि गांधींचं बरोबर आहे म्हणून तिथे वाद घालत होता.

पुढे न्यूयॉर्कला कोलंबिया युनिव्हर्सिटीत असताना १९३८ मध्ये त्याची गाठ महानामव्रत ब्रह्मचारींशी पडली, हे बंगालचे वैष्णव संन्यासी, शिकागोला धर्मपरिषदेला म्हणून आले आणि तिथेच पीएचडी करून बसले. मर्टनला वाटलं हे आता गीता, उपनिषदं वाचायला सांगणार. तर ते म्हणाले, आधी तुमच्याच संत ऑगस्टिनचं आत्मकथन वाच! मला तर सगळ्या गोष्टीत हाच भाग सगळ्यात भारी वाटतो. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो कॅथलिक झाला आणि १० डिसेंबर १९४१ ला अमेरिकेतल्या केंटकी राज्यात गेथसेमनी या ट्रॅपिस्ट मठात दाखल झाला. ट्रॅपिस्ट म्हणजे फार कडक पंथ, मौन, शेतकाम, पहाटे उठून प्रार्थना. १९४८ ला आलेलं आत्मचरित्र तुफान खपलं, पण त्यातला मर्टन बऱ्यापैकी कट्टर आहे, बाकीच्या धर्मांबद्दल जरा नाक वर करूनच बोलतो.

हे बदललं हळूहळू, झेन बौद्ध पंथाचे जपानी अभ्यासक सुझुकी यांच्याशी पत्रव्यवहार, च्वांग त्सू या प्राचीन चिनी तत्त्वज्ञाचं वाचन, १९६५ ला गांधींच्या अहिंसेवरच्या वेच्यांचं पुस्तक. मधे अणुबॉम्बविरोधात लिहितो म्हणून १९६२ ला पंथाच्या वरिष्ठांनी युद्धावर छापायला बंदी घातली, तर पठ्ठ्याने सायक्लोस्टाइल प्रती काढून मित्रांमध्ये फिरवल्या.

आशियात जायची इच्छा होती तर इतका उशीर का, तर मठाधिपती जेम्स फॉक्स लांबच्या प्रवासाला परवानगीच देत नव्हते. १९६८ च्या जानेवारीत नवे मठाधिपती निवडून आले आणि ऑक्टोबरमध्ये मर्टन कलकत्त्यात! नोव्हेंबरात धर्मशाळेला दलाई लामांशी तीन भेटी झाल्या, ध्यान कसं करतात यावर दोघं अगदी बारकाईने बोलले. १० डिसेंबरला बँकॉकजवळच्या परिषदेत सकाळी भाषण केलं आणि दुपारी खोलीतल्या पंख्याचा शॉक लागून गेला असं मानतात, वय ५३.

ख्रिस्ती म्हणजे काय हे मला मर्टनमुळे कळलं असं दलाई लामांनी नंतर लिहिलं, आणि १९९६ मध्ये बौद्ध आणि ख्रिस्ती संन्याशांची परिषद गेथसेमनीलाच भरली तेव्हा ते तिथे हजर होते.