उपनगराला पोलीस किती लागतात?

लाख लोकसंख्येमागे पोलीस किती, हा आकडा विधानसभेपासून सोसायटीच्या सभेपर्यंत सगळीकडे ठामपणे तोंडावर फेकला जातो. उपनगराच्या बाबतीत त्यावरून फारसे काही कळत नाही. इथली निम्मी माणसे सकाळी लोकल पकडून बाहेर पडतात. दुपारी बंद घरे घरफोड्यांना मोकळी सापडतात. संध्याकाळी स्टेशनबाहेर गर्दी, पाकीटमारी आणि रिक्षावरून हमरीतुमरी. मध्यरात्री शेजाऱ्यांचा डीजे. लोकसंख्या तीच, पण पोलिसांचे काम तासातासाला बदलते.

म्हणून डोकी न मोजता काम मोजावे लागते. त्याचे गणित आले टेलिफोनमधून. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या आग्नेर एर्लांग या गणितज्ञाने १९०९ पासून एकच प्रश्न धरून ठेवला होता: कॉल कधीही, कसेही येत असतील तर लाइनी किती ठेवायच्या? लाइनीच्या जागी पोलिसांची गाडी ठेवा, प्रश्न तोच राहतो.

समजा, एका ठाण्याच्या हद्दीत संध्याकाळी तासाला सरासरी तीन कॉल येतात आणि प्रत्येक निपटायला अर्धा तास लागतो. म्हणजे दर तासाला दीड तासाचे काम. दोन गाड्या पुरतील असे वाटते. पाऊण वेळ कामात, पाव वेळ मोकळ्या. हिशेब तपासणारा खूश होईल. पण एर्लांगचे सूत्र लावले तर कॉल करणाऱ्याला गाडी नुसती मोकळी होण्यासाठीच सरासरी ३९ मिनिटे थांबावे लागते. तिसरी गाडी दिली की हीच वाट साधारण पाच मिनिटांवर येते. चौथीने ती एका मिनिटाच्या आत जाते. कॉल ठरावीक अंतराने येत नाहीत, तीन-तीन एकदम येऊन आदळतात. त्यामुळे गाडीचा रिकामा दिसणारा वेळ हाच खरा राखीव साठा असतो. तो वाया जातो असे म्हणणाऱ्याने एकदा ती ३९ मिनिटे काढून पाहावीत.

आता तीन गाड्यांना माणसे किती? प्रत्येक गाडीत दोघे, म्हणजे सहा जागा. आठ तासांच्या पाळ्या धरल्या तर एका जागेला वर्षाकाठी १,०९५ पाळ्या भराव्या लागतात. साप्ताहिक सुट्या ५२. रजा, आजारपण, कोर्टाच्या तारखा आणि प्रशिक्षण मिळून आणखी ६० दिवस गेले असे धरू. एका माणसाच्या वाट्याला २५३ पाळ्या उरतात. भागाकार केला की एका जागेमागे सव्वाचारपेक्षा जास्त आणि सहा जागांना २६ माणसे. पाळी बारा तासांची असेल तर १७-१८ मध्ये भागते. बारा तासांची ड्युटी इतकी वर्षे का टिकली, त्याचे मोठे कारण या वजाबाकीत आहे. मे २०१६ मध्ये मुंबईच्या पूर्व उपनगरातल्या देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला. त्याची कल्पना मांडली होती एका शिपायाने. कामाची नेमकी वाटणी माहीत असणारा माणूस बहुधा खालच्याच पायरीवर सापडतो.

मोकळ्या गाडीने मधल्या वेळात काय करावे? नुसते फिरत राहण्याचा फायदा वाटतो तेवढा नाही. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत १९७२-७३ मध्ये १५ बीटचे, म्हणजे गस्तीच्या हद्दींचे, तीन गट केले गेले. एका गटात नेहमीची गस्त बंद, दुसऱ्यात दुप्पट-तिप्पट, तिसऱ्यात पूर्वीइतकीच. गुन्ह्यांत किंवा लोकांच्या भीतीत लक्षणीय फरक आढळला नाही. पुढे मिनियापोलिसमध्ये दिसले की जवळजवळ निम्मे कॉल शहरातल्या सुमारे तीन टक्के पत्त्यांवरून येतात. अशा ठिकाणी पोलीस दहा-पंधरा मिनिटे थांबून निघून गेले, तर त्याचा परिणाम ते गेल्यावरही काही काळ टिकतो. मात्र हा नकाशा कॉलवरून काढलेला असतो. पोलिसांना फोन करायलाच कचरणारी वस्ती त्यात शांत दिसते, आणि गाडी तिकडे वळत नाही.

आपल्याकडे या सगळ्या हिशेबाला बंदोबस्त सुरुंग लावतो. विसर्जन, मोर्चा, सभा, निवडणूक, मंत्र्यांचा दौरा: माणसे काढली जातात ती याच २६ जणांतून. त्यातली आठ-नऊ उचलली की तिसरी गाडी माणसांविना ठाण्यातच उभी राहते, आणि त्या संध्याकाळी ११२ लावणाऱ्याची सरासरी वाट पाच मिनिटांवरून पुन्हा ३९ वर जाते.