कमी खाल्ल्याने चयापचय मंदावतो, पण वजन अडते का?

चातुर्मास लागला की जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या घरांत उपवासांची रांग सुरू होते, आणि अलीकडे तिला वजन उतरवण्याच्या निर्धाराचीही जोड मिळू लागली आहे. एकवेळच जेवणारी किंवा भाकरी सोडून ताकावर दिवस काढणारी माणसे सुरुवातीला भराभर उतरतात आणि तीन-चार आठवड्यांनी काटा अडतो. मग एक स्पष्टीकरण हमखास ऐकू येते: फार कमी खाल्ल्यामुळे शरीराने चयापचय मंद केला आहे, आता काही केले तरी वजन उतरणार नाही, उलट थोडे जास्त खाल्ले तर उतरेल. यात दोन दावे एकमेकांना चिकटलेले आहेत. चयापचय मंदावतो हे खरे आहे. मात्र त्यामुळे वजन उतरणे थांबते, हे काटेकोर मोजमापांत कुठेही टिकलेले नाही, आणि हा फरक समजून न घेतल्याने पुष्कळ माणसे हताश होऊन प्रयत्न सोडतात, याचे वाईट वाटते.

इथे चयापचय म्हणजे शरीराचा ऊर्जाखर्च, आणि आपण स्वस्थ पडून असलो तरी शरीर ऊर्जा खर्च करतच असते. मेंदू दिवसाला स्वतःच्या वजनाच्या किलोमागे सुमारे २४० कॅलरी जाळतो, यकृत सुमारे २००, तर हृदय आणि मूत्रपिंडे प्रत्येकी किलोमागे ४४० च्या आसपास. त्यामानाने स्नायूंचा विश्रांतीतला खर्च किलोमागे १३ आणि चरबीचा अवघा साडेचार कॅलरींचा आहे. हे आकडे नीट पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते. उपाशी माणसाचे यकृत, मेंदू आणि हृदय चालूच राहतात, त्यामुळे खर्चाला एक तळ असतो आणि त्याच्या खाली जाणे जिवंत शरीराला शक्य नसते.

हा तळ किती खोल जाऊ शकतो, याचे सर्वांत बोलके उत्तर १९४४-४५ सालच्या मिनेसोटा विद्यापीठातील प्रयोगातून मिळते. दुसऱ्या महायुद्धात उपासमारीने खंगलेल्या लोकांना पुन्हा कसे जेवू घालावे हे शोधण्यासाठी अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुण निवडले. युद्धात शस्त्र धरण्यास नकार देऊन पर्यायी सेवा पत्करलेले हे स्वयंसेवक होते. त्यांना २४ आठवडे दिवसाला सुमारे १,६०० कॅलरींवर ठेवले गेले, म्हणजे त्यांच्या नेहमीच्या आहाराच्या जेमतेम निम्म्यावर. बटाटे, सलगम, पाव आणि मॅकरोनी हे मुख्य अन्न, आणि शिवाय आठवड्याला ३५ किलोमीटर चालण्याची सक्ती. त्यांचे वजन सरासरी सुमारे ६९ किलोंवरून ५३ किलोंच्या खाली आले. विश्रांतीतला ऊर्जाखर्च जवळपास ४० टक्क्यांनी घटला, परंतु त्यातला मोठा वाटा शरीरच लहान झाल्यामुळे होता आणि निव्वळ काटकसरीचा, म्हणजे उरलेल्या शरीराने खर्च आवरण्याचा, वाटा त्याहून बराच कमी होता. हातपाय गार पडत, नाडी मंद झाली होती, जिने चढणे नकोसे होई आणि डोक्यात दिवसभर अन्नाशिवाय दुसरा विचार नसे. तरीही वजन उतरतच राहिले. ते स्थिरावू लागले अगदी अखेरीस, जेव्हा अंगावरची चरबी पाच-सहा टक्क्यांवर आली होती आणि त्यांचा खर्च त्या तुटपुंज्या आहाराइतका खाली आला होता. ज्यांच्या अंगावर वीस-तीस किलो चरबी शिल्लक आहे, त्यांना ही अवस्था महिनाभरात येणे शक्य नाही.

समजा, भुसावळची ४५ वर्षांची, १५५ सेंटिमीटर उंचीची एक गृहिणी आहे आणि तिचे वजन ८२ किलो आहे. प्रचलित सूत्राप्रमाणे तिचा विश्रांतीतला खर्च दिवसाला साधारण १,४०० कॅलरी आणि घरकामासह एकूण खर्च १,९५० च्या घरात येईल. दहा किलो वजन उतरल्यावर हाच एकूण खर्च १,८०० च्या आसपास येतो, कारण आता लहान शरीर सांभाळायचे असते. त्यावर शरीराच्या काटकसरीचे आणखी १०० कॅलरी वजा धरू. ती खरोखरच ८०० कॅलरी खात असेल, तर रोजची तूट अजूनही ९०० च्या आसपास राहते आणि महिन्याकाठी तीन-साडेतीन किलो उतरायलाच हवेत. वेग मंदावेल, पण शून्यावर येणार नाही.

काटकसर मुळात कशामुळे होते, हेही बऱ्यापैकी कळले आहे. चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचे संप्रेरक स्रवतात, ज्याचा शोध १९९४ मध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत लागला. चरबी घटली आणि आहार तुटला की लेप्टिन घसरते, थायरॉइडचे सक्रिय संप्रेरक कमी होते, आणि मेंदू भूक वाढवून खर्च आवरतो. ही काटकसर किती टिकते यावर मात्र मोजमापे एकसारखी नाहीत. अमेरिकेतील वजन घटवण्याच्या एका दूरचित्रवाणी स्पर्धेतील १४ स्पर्धकांना केव्हिन हॉल यांच्या गटाने सहा वर्षांनी तपासले, तेव्हा त्यांचा विश्रांतीतला खर्च अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरींनी कमी निघाला. २०१६ मधला हा आकडा जगभर गाजला. परंतु त्या स्पर्धकांनी टोकाचा व्यायाम आणि टोकाची आहारकपात एकत्र केली होती. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात, सरासरी १२ किलो उतरलेल्या स्त्रियांना चार आठवडे वजन स्थिर ठेवून मग मोजले, तर काटकसर दिवसाला फक्त ५० कॅलरींच्या आसपास आढळली. सर्वसामान्य माणसाची स्थिती या दुसऱ्या आकड्याला जवळची असते, असे मला वाटते.

मग काटा का अडतो? पहिले कारण पाणी. यकृत आणि स्नायूंत साठवलेल्या ग्लायकोजेनबरोबर (हा शरीरातला साखरेचा साठा) प्रत्येक ग्रॅममागे तीनेक ग्रॅम पाणी असते. पहिल्या आठवड्यात हा साठा रिकामा होतो आणि दीड-दोन किलो झपाट्याने जातात, त्यामुळे तोच वेग कायम राहील अशी खोटी आशा निर्माण होते. पुढे उलट घडते: शरीर पाणी धरून ठेवते आणि चरबी घटत असूनही काटा हलत नाही. मिनेसोटातील तरुणांच्या पायांना सूज येत असे आणि त्या पाण्याखाली खरी घट झाकली जात असे. दुसरे कारण हालचाल. उपाशी माणूस नकळत बसून राहतो, बोलताना हातवारे कमी करतो, दोन फेऱ्यांचे काम एका फेरीत उरकतो.

तिसरे कारण सर्वांत मोठे आहे आणि सांगायला सर्वांत अवघड. १९९२ साली न्यूयॉर्कमध्ये स्टीव्हन लिक्टमन आणि सहकाऱ्यांनी ‘१,२०० कॅलरींपेक्षा कमी खाऊनही वजन उतरत नाही’ असे सांगणाऱ्या दहा जणांचा खर्च समस्थानिकयुक्त पाणी पाजून (त्यातल्या खुणेच्या अणूंवरून शरीराने किती ऊर्जा जाळली ते कळते) मोजला. चयापचय सर्वांचा ठीक होता, पण खाल्लेले अन्न त्यांनी सरासरी ४७ टक्क्यांनी कमी नोंदवले होते. ही माणसे खोटे बोलत नव्हती, कारण अन्नाचा अंदाज घेणे खरोखर कठीण असते. आपल्याकडचेच पाहा. रात्री वाटीभर खिचडी खाल्ली एवढेच लक्षात राहते, पण तिच्यावर वाढलेले शेंगदाण्याचे कच्चे तेल कुणी मोजत नाही, आणि एका मोठ्या चमच्यात साधारण १२० कॅलरी असतात. दोन-तीन चमचे म्हणजे भाकरी सोडून वाचवलेले सगळे परत आले. वांग्याच्या भरितात वांगे नाममात्र कॅलरींचे असते, खरा भार तेल आणि शेंगदाण्यांचा. उपवासाच्या दिवशी भगरीबरोबरची दाण्याची आमटी, साबुदाणा आणि रावेर-यावलकडचे केळीचे वेफर्स यांची बेरीज अनेकदा नेहमीच्या जेवणापेक्षा जास्त भरते.

चयापचयाची भीती निराधार असली, तरी टोकाची कपात निर्धोक आहे असे मात्र नाही. प्रथिने पुरेशी नसतील तर चरबीबरोबर स्नायूही जातात, म्हणून आहार कमी करताना डाळी, कळण्याच्या भाकरीतले उडीद, ताक, अंडी यांवर कात्री चालवू नये. वजन फार वेगाने उतरल्यास पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. ब्रिटनमधील २०१७ च्या एका चाचणीत टाइप-२ मधुमेह असलेल्यांना तीन ते पाच महिने दिवसाला ८५० च्या आसपास कॅलरींचा आहार दिला होता आणि वर्षाअखेरीस ४६ टक्के लोकांचा मधुमेह औषधांविना आटोक्यात आला, पण तिथे मधुमेहाची आणि रक्तदाबाची औषधे पहिल्याच दिवशी थांबवून तपासणी सतत चालू होती. घरी स्वतःच्या मनाने इतके कमी खाताना इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी नेहमीच्याच प्रमाणात चालू राहिली, तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. त्यामुळे अशा रुग्णांनी उपवासाला सुरुवात करण्याआधीच डॉक्टरांकडून औषधांचे प्रमाण ठरवून घ्यावे.